कपबशांचा दंड

थोरला आला की घरात नवा टॉवेल निघतो, हे धाकटीने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. सासूबाईंच्या कपाटात वरच्या खणात तो कागदासकट घडी करून ठेवलेला असायचा आणि एरवी त्याला कुणाचा हात लागत नसे. 'दादाचा टॉवेल' असं त्याला घरात नावच पडलं होतं. कोरा असल्यामुळे तो पाणी टिपत नसे, नुसतं अंगावर इकडून तिकडे ढकलत असे. थोरला दरवेळी न्हाणीघरातून ओलाच बाहेर यायचा आणि काही बोलायचा नाही.

या वेळी टॉवेलाबरोबर वरची खोलीही रिकामी झाली होती. खोली मूळची थोरल्याची, पण गेली काही वर्षं धाकट्याची मुलगी तिथे अभ्यास करायची. ही मुलगी एका जागी बसत नाही म्हणून आजोबांनी तिला स्प्रिंग म्हणायला सुरुवात केली होती, आणि तीन पिढ्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या घरात त्या नावाचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. स्प्रिंगने आपली पुस्तकं उचलून खाली हॉलमध्ये आणली, सोफ्यावर अंथरूण टाकलं आणि आईला विचारलं,

"काका या वेळी कायमचे आलेत का गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच काही सांगत नाही, म्हणून तर विचारतेय."

"आधी त्या उशीचा अभ्रा बदल," धाकटी म्हणाली. उत्तर तिलाही माहीत नव्हतं.

माहीत होतं ते एवढंच. थोरल्याच्या तिकडच्या, परदेशातल्या कंपनीने त्याला विचारलं होतं, की सगळ्या उंच इमारतींचं काम तुमच्याकडे देतो, निवृत्तीपर्यंत राहा. नसेल राहायचं तर आत्ताच सांगा, दुसरा माणूस बघतो. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. थोरला फोनवर म्हणाला होता, "येतो आणि सगळ्यांशी बोलून ठरवतो." आला, बॅगा उघडल्या, सगळ्यांसाठी आणलेल्या वस्तू वाटल्या आणि ठरवलं मात्र काहीच नाही. तो घरच्यांच्या तोंडाकडे बघत होता, घरचे त्याच्या. असा आठवडा गेला.

धाकटीला वरच्या खोलीचं तेवढं दुःख नव्हतं. खोली काय, पोरगी उद्या शिकायला बाहेर पडेल. तिचा जीव अडकला होता वर्कशॉपमधल्या फोनच्या टेबलात. सासरे, म्हणजे अण्णा, थकले, धाकटा दिवसभर इमारतींच्या गच्च्यांवर, म्हणून ती सहज एकदा त्या टेबलाशी बसली आणि मग उठलीच नाही. कुठली लिफ्ट कधी तपासायची, कुठल्या इमारतीचा सेक्रेटरी नुसताच ओरडतो आणि कुठला खरंच अडचणीत असतो, हे सगळं आता तिच्या डोक्यात होतं. इतकी शिकलेली, इतक्या माणसांवर हुकूम चालवणारी व्यक्ती घरी आली तर त्या खुर्चीत कोण बसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. थोरला स्वभावाने चांगला होता. त्यामुळे तर तिची जास्तच पंचाईत झाली होती. वाईट माणसाला नको म्हणणं सोपं असतं.

रविवारी दुपारी चहाला आत्या आली. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत भाषा शिकवून ती निवृत्त झाली, पण दुसऱ्याचं बोलणं तपासायची खोड काही निवृत्त झाली नाही. "आत्या, माझी मदत कर" म्हटलं, तर ती आधी "मला मदत कर" असं दुरुस्त करायची आणि मगच मदतीला यायची.

"आमच्याकडे लिफ्ट बंद पडायच्या आधीच कळतं," थोरला धाकट्याला सांगत होता. "उद्या कुठला दरवाजा अडकणार, ते आज पडद्यावर दिसतं."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे तिकडे गं. आमच्याकडे."

"'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. लहान पोरांना येतं हे. इथे ऐकणारे आहोत आम्ही. म्हणजे आम्हाला तू काढून टाकलंस."

"तिकडे तुम्ही नाही आहात, मग 'आपल्याकडे' कसं म्हणू?"

"बरं. आणि इकडचं काय म्हणतोस?"

"इकडचं आपल्याकडे. त्यात काय विचारायचं?"

"मघाशी मी दारात चपला काढत होते. तू धाकट्याला विचारलंस, 'तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?'"

धाकटा चहा पिता पिता हसला आणि त्याला ठसका लागला. थोरलाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं पकडलं गेलं की असेच व्हायचे.

"आजपासून दंड," आत्या म्हणाली. "तिकडचं 'आमचं' म्हटलं किंवा इकडचं 'तुमचं' म्हटलं, की कपबशा विसळायच्या."

मग त्या दुपारी घराला बऱ्याच दिवसांनी मजा आली. थोरला जपून बोलू लागला आणि जपून बोलल्यामुळेच जास्त चुकू लागला. 'आमच्या ऑफिसात' म्हणाला, उठला, कपबशा विसळल्या. स्प्रिंगने मुद्दाम दुसरा चहा टाकला. त्याने "आम-" एवढंच म्हटलं आणि पुढचं गिळलं, तरी आत्याने अर्ध्या शब्दाचा पूर्ण दंड केला. अण्णांना लिफ्टच्या मोटारींच्या आवाजाने ऐकू कमी यायचं, त्यांना प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत होती, आणि ते प्रत्येक गोष्टीला दुसऱ्यांदा सगळ्यांना हसवत होते.

"हा इथे राहिला तर भांड्यांची काळजी मिटली," अण्णा म्हणाले.

हसू तिथेच थांबलं. अण्णांना वाटलं आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"राहू दे की मग," धाकटा म्हणाला. बशीकडे बघत म्हणाला, पण म्हणाला. "माझा गुडघा आता शिडी चढू देत नाही. दोघं असलो तर बरं होईल."

"अहो, पण भाऊजींची एवढी मोठी नोकरी," धाकटी घाईने म्हणाली. "इथे येऊन ते काय पान्हे घेऊन फिरणार? त्यांच्या मनाचाही विचार करायला हवा." बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज फार गोड वाटला आणि आवडला नाही.

"थोरली काय म्हणते?" आत्याने थोरल्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"ती म्हणते, मी कुठेही राहीन. फक्त घरी जाऊन रुसून बसणार नसशील तर जाऊ या," थोरला म्हणाला.

"शहाणी आहे. दादा, तू बोल," आत्या मोठ्याने अण्णांना म्हणाली.

"मी काय बोलू? तो मोठा झाला आता. त्याचं त्याने बघावं."

हे वाक्य थोरल्याने आठवडाभर निरनिराळ्या तोंडून ऐकलं होतं. तुझं तू बघ. तुला योग्य वाटेल ते कर. कुणी 'ये' म्हणत नव्हतं. त्याला तेवढंच हवं होतं, त्यासाठी तो एवढ्या लांबून आला होता, आणि ते मागून घ्यायची त्याला लाज वाटत होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने 'मला घरी बोलवा' असं कसं म्हणायचं? धाकटा बोलला, पण तो गुडघ्यासाठी बोलला. थोरल्याने आईकडे पाहिलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

"आई, तू काहीच बोलत नाहीस."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी काय सांगू रे? मला काय, तू डोळ्यांसमोर असलास तर हवंच आहे. पण तुला आता जमेल का? आमच्याकडे पूर्वीसारखं काही राहिलं नाही."

आत्याने सवयीने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. स्प्रिंग आजीकडे बघू लागली आणि धाकटीने तिला कोपराने ढोसलं. आईला आधी कळलंच नाही. मग सगळ्यांचे चेहरे पाहून तिने आपलंच वाक्य मनात मागे जाऊन ऐकलं.

ती उठली. शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि एकेकासमोरचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवू लागली. थोरल्याचा कप अजून अर्धा भरलेला होता, तोही उचलला.

"आई, राहू दे गं," थोरला म्हणाला.

"का? दंड आहे ना," आई म्हणाली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला नसता, तर त्या खोलीत कोण काय बोललं असतं कुणास ठाऊक. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आणि आत खुद्द दातांची डॉक्टरीण होती. रविवार असल्यामुळे वर्कशॉपमधला मदतनीस सुट्टीवर होता. धाकटीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. हे काम एकट्याने होत नाही.

"चल," थोरला म्हणाला आणि उठला.

त्या इमारतीच्या गच्चीवरच्या मशिनरूमला जायची लोखंडी शिडी तशीच होती, एक पायरी वाकलेली. धाकटा गुडघ्यावर हात ठेवून चढला, थोरला त्याच्या मागून. दार उघडलं आणि गरम तेलाचा आणि धुळीचा तो वास एकदम अंगावर आला. तिकडे थोरल्याच्या इमारतींमध्ये मशिनरूमला कसलाच वास नसतो; तिथे पांढऱ्या कपाटांचे दिवे लुकलुकतात आणि माणूस हळू आवाजात बोलतो. इथे भिंतीवर बोटं पुसलेल्या काळ्या खुणा होत्या. त्यातल्या खालच्या, कमरेएवढ्या उंचीच्या खुणा त्या दोघांच्या असणार. शाळेच्या सुट्टीत अण्णा त्यांना घेऊन यायचे तेव्हाच्या.

थोरल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. धाकट्याने मेन स्विच खाली ओढला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. खिशावर हात मारून दाखवला. अण्णांची ती पद्धत होती. किल्ली खिशात आहे हे दुसऱ्याला दिसल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही.

"चाकाला कोण?" धाकट्याने विचारलं.

"नेहमी कोण असायचं?"

"तू. मला चाक झेपत नव्हतं तेव्हा."

"मग मीच."

काम साधं आहे, पण घाईचं नाही. एकाने ब्रेकचा दांडा दाबून ब्रेक सैल करायचा, दुसऱ्याने मोटारीवरचं चाक दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवायचं, म्हणजे अडकलेली केबिन बोट-बोट सरकत जवळच्या मजल्याला येते. दोघांचं जमलं नाही तर केबिन हिसका खाते आणि आतल्या माणसाचा जीव वर येतो. म्हणून अण्णांनी या कामात चाकावरच्या माणसाला फक्त दोन शब्द ठेवले होते, 'सोड' आणि 'धर'. तिसरा शब्द उच्चारला की चापट मिळायची.

खालून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "अहो, कुणी आहे का? वर माझा पेशंट तोंड उघडून बसलाय!"

धाकट्याने दोरांच्या फटीतून खाली तोंड करून ओरडून सांगितलं, "आलोय बाई! आम्ही दोघं आहोत, काळजी करू नका. केबिन हळूच हलेल, दाराला हात लावू नका."

आम्ही दोघं. थोरल्याच्या हातात चाक होतं आणि ते त्याने उगीचच घट्ट धरलं. ऐकणारी बाई खाली, ती बाहेरची. आणि तो या बाजूला, आतला. आत्याचं व्याकरण इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"सोड," तो म्हणाला.

ब्रेक सुटला, चाक हलकं झालं. केबिनमध्ये एकच माणूस, त्यामुळे दोरांच्या दुसऱ्या टोकाचं वजन तिला वर ओढत होतं. थोरल्याला फिरवण्यापेक्षा आवरून धरायचं काम जास्त होतं. हातांना ते आठवत होतं.

"धर."

दोरांवर प्रत्येक मजल्यासाठी पांढरा पट्टा मारलेला असतो. पट्टा खुणेशी आला की केबिन मजल्याशी आली. इथले दोर मधल्या काळात बदलले होते, पट्टे धाकट्याने मारले होते. पण जाड, जरा तिरके, अगदी थोरल्याने शिकवल्यासारखे. सोड, धर, सोड, धर. पट्टा सरकत आला आणि खुणेशी थांबला.

"धर," थोरला म्हणाला आणि या वेळी चाकावरून हात काढला. खाली दार उघडल्याचा आवाज आला, मग चपलांचा धावता आवाज. आभार वगैरे मानायला पेशंटचं तोंड मोकळं नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंना वेळ नव्हता.

मग खाली मजल्यावर येऊन धाकट्याने दाराच्या कुलपातली वीज जोडणारी घासलेली पट्टी काढून बदलली. तोवर थोरला जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसून राहिला. शर्ट काळा झाला होता. त्याला फार सुखाचं वाटत होतं आणि हे सुख किती दिवस टिकतं, याचा हिशोब त्याला आत्ता करायचा नव्हता.

"दादा," धाकटा पाठमोराच म्हणाला, "मघाशी मी गुडघ्याचं बोललो. तेवढंच नाहीये ते."

"मग?"

"तू गेलास तेव्हा अण्णांनी मला चाकावर घातलं. मी कितीतरी दिवस सोड म्हणायच्या ऐवजी तुला हाक मारायचो. मार खाल्लाय त्यापायी." तो स्क्रू पिळत राहिला. "ये तू. खरंच ये. पण फोनचं टेबल तिचं आहे. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा."

"मला टेबल नको रे. टेबलांचाच कंटाळा आलाय."

"मग ये," धाकटा म्हणाला.

शेवटी कुणीतरी म्हणालं होतं. थोरल्याने मान खाली घातली आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.

आईने कपबशा केव्हाच विसळल्या होत्या. मग पुन्हा एकदा विसळल्या, आणि पुसून जागेवर ठेवल्या, तरी तिचा पाय स्वयंपाकघरातून निघत नव्हता. तोंडातून ते गेलं कसं, हेच तिला उमगत नव्हतं. पोटचा पोर, आणि त्याला 'आमच्याकडे'?

बसल्या बसल्या तिला ते सापडलं. थोरला नवा नवा गेला तेव्हा फोनवर त्याला काही सांगावं लागत नसे. "कोपऱ्यावरचा म्हातारा गेला" म्हटलं की त्याला कळायचं. मग कोपऱ्यावरचं दुकान बदललं. गल्लीत नवी माणसं आली, स्प्रिंग जन्मली, घरातला नळ हलवला, अण्णांची खुर्ची खिडकीपाशी गेली. दरवेळी आधी समजावून सांगायचं, मग गोष्ट सांगायची. ज्याला आपल्या घरातली प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते, त्याच्याशी माणूस नकळत पाहुण्याशी बोलावं तसं बोलू लागतो. त्यात तिची चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती. पण त्याचा तो चेहरा तिने पाहिला होता. शाळेत पहिल्या दिवशी सोडून आली होती तेव्हाचा चेहरा.

दोघं भाऊ जिन्यातूनच हसत आले. थोरला हात-तोंड धुऊन ओल्या चेहऱ्याने टॉवेल शोधू लागला, तेव्हा आईने त्याच्या हातात दोरीवरचा घरातला टॉवेल दिला, धुऊन धुऊन विरलेला. त्याने तोंड पुसलं, मग मान, मग पुन्हा तोंड, आणि टॉवेलातूनच म्हणाला,

"आई, उद्या मी त्यांना नाही म्हणून कळवतो. परत येतो मी."

आत्या अजून गेली नव्हती. अण्णांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तो आल्या आल्या दारातच तिच्या कानात काहीतरी बोलला होता, आणि तिचा चेहरा आता मोकळा होता.

"वरच्या खोलीचं बघू आपण, भाऊजी," धाकटी म्हणाली. "स्प्रिंगला वर्कशॉपच्या माळ्यावर टेबल टाकून देऊ. तिला तसाही तिथला गोंधळच आवडतो."

सगळं जमून आलं होतं. आईने नुसतं गप्प राहायचं होतं. तिला तो हवा होता. दुपारी जेवताना समोर हवा होता, आजारपणात उशाशी हवा होता, आणि हे तिने इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून विमानं जवळ येत नाहीत. गप्प राहिली असती तर सोमवारपासून तो तिचा होता.

"मघाशी मी बोलले म्हणून येतोयस?" तिने विचारलं.

"नाही गं," थोरला म्हणाला. फार लवकर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आईने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "माझ्या तोंडून एक शब्द चुकला. तेवढ्यासाठी तू तिकडचा संसार मोडायचा?"

"तसं नाही. मला खरंच इथे बरं वाटतं."

"वाटणारच. मलाही माझ्या माहेरी चार दिवस फार बरं वाटायचं." आत्याला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. "मला एक सांग. तिकडच्या घरात भिंतीवर काय लावलंय?"

थोरल्याने टॉवेलाची घडी घातली.

"काहीच नाही. मला माहीत आहे. थोरली सांगते मला फोनवर. तिला एक आरसा लावायचा होता, तर तू म्हणालास, भिंतीला खिळा नको, आपण कायमचे थोडेच आहोत. आरसा अजून कपाटामागे आहे. तुझं पोर त्या घरात रांगलं, शिकलं, त्याला मिशा फुटल्या, आणि तू अजून बॅग भरायच्या बेतात."

"आई..."

"तिकडे पाहुण्यासारखा राहतोस आणि इकडे पाहुणा म्हणून येतोस. कुठल्याच घरात बूड टेकून बसत नाहीस. ते मला बघवत नाही रे. काम आवडतं ना तुला तिकडचं? खरं सांग."

थोरल्याने टॉवेलाची घडी पुन्हा उलगडली. "आवडतं," तो म्हणाला. "उद्या अडकणारी लिफ्ट आज सापडली, की फार आवडतं."

"मग कर ते. निवृत्त झालास की ये. धाकट्याच्या गुडघ्यासाठी शिडी चढणारं दुसरं माणूस मिळेल."

"ते मी बघते," धाकटी हळूच म्हणाली. तिचा आवाज या वेळी गोड नव्हता, भरून आला होता.

"आणि मग मी इथला कोण?" थोरल्याने विचारलं. हेच त्याला आठवडाभर विचारायचं होतं.

आईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा शेंगांचं ताट मांडीवर ओढलं, एक शेंग सोलली आणि विचारलं,

"आपल्याकडे थंडी कधी ओसरते?"

"इकडे? इकडे कुठे आता थंडी?"

"इकडचं तुला कशाला विचारू? इकडे मीच राहते. आपल्याकडे, तिकडे. तुझे अण्णा म्हणत होते, गुडघे आखडतात थंडीत, ऊन पडलं की जाऊ या. तोवर तो आरसा लावून ठेव. मला केस विंचरायला लागेल."

अण्णा असं काही म्हणाले नव्हते. इतकी वर्षं तिकडे जायचा विषय काढला की आई 'मी काय करू तिथे' म्हणून उठून जायची. पण अण्णांनी खिडकीकडेच तोंड ठेवून मान डोलावली, म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

थोरल्याने आईच्या ताटातली एक शेंग उचलली आणि ती त्याला सोलता येईना. "मार्च संपता संपता," तो शेवटी म्हणाला. "आपल्याकडे मार्च संपता संपता ऊन पडतं."

स्प्रिंगने आत्याकडे पाहिलं. तिकडचं, आणि 'आपल्याकडे'.

"वन्सं, चुकलं का माझं?" आईने विचारलं.

"नाही वहिनी," आत्या म्हणाली. "बरोबर आहे."

धाकटीने पुन्हा चहा टाकला. त्या चहाच्या कपबशा आत्याने विसळल्या. दंड कुणालाच झाला नव्हता, आणि तिला थोडा वेळ सगळ्यांकडे पाठ करून उभं राहायचं होतं.